तुझ्या लेखातली दोन घरं

तिगाव, १९८७

प्रिय हिरामण,

परवा सकाळी बुद्धवंदना आटोपून तुझा इंग्रजी लेख पांढुर्ण्याच्या डॉक्टरांकडून वाचून घेतला. "श्रावणभाऊ, जगभरचे शास्त्रज्ञ तुमच्या भावाचा दाखला देऊन राहिले," ते म्हणाले. मला अभिमान वाटला.

लेखात नावं नव्हती, पण गावांवरून दोन्ही घरं ओळखू आली. सिकलसेलचा दोष माझ्या लेकीच्या, इंदूच्या रक्तात आहे आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्याही. दोघांचं रक्त तपासायला तूच नेलं होतंस. त्यांची लेकरं जन्मभर दुखण्यात राहू शकतात, हे ठाऊक असून तू साखरपुड्याला जेवून गेलास. खोटं बोलला नाहीस, नुसता गप्प राहिलास. हे पत्र पोस्टात टाकवेल असं वाटत नाही.

काल बोरगावला व्याह्यांना सगळं सांगितलं. "एवढा शिकलेला भाऊ तुमचा, तो काऊन नाही बोलला?" त्यांनी विचारलं. इंदूचं लग्न मोडून आलो.

तुझा दादा,
श्रावण