सहावा खर्डा

३ मार्च
कथा परत आली! चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. म्हातारपणी स्वतःची एक गोष्ट लिहिली तर ही गत. संपादकबाईंची चिठ्ठी – ‘आईचं आजारपण छान उतरलंय. बहीण मात्र नुसती दुष्ट वाटते. पुन्हा लिहून पाहा.’ मग काय, आरती ओवाळू तिची? आई जाईपर्यंत मला कळवलं नाही ताईनं. नऊ वर्षं बोलणं बंद आहे आमचं, ते काय उगाच?

४ मार्च
दिवसभरात दोन स्वल्पविराम बदलले. याला पुन्हा लिहिणं म्हणत नाहीत, ठाऊक आहे मला.

९ मार्च
दुसरा खर्डा मोठ्यानं वाचला. ऐकायला भिंती. नोकरीत नवा होतो तेव्हा प्रुफं घरी आणायचो. ताई मूळ प्रत वाचायची, मी ताडून बघायचो. जरा डुलकी लागली की टपली – ‘शहाण्या, झोपलास का?’ आता दिवसभर झोपलो तरी विचारणारं कोणी नाही. चहा अजून दोन कप होतो. एक ओतून देतो.

१५ मार्च
बारा पानांत ताईच्या तोंडी एक वाक्य नाही! दारात उभी राहते, तोंड फिरवते – बस्स. म्हटलं, देऊ या एखादं. सुचेना.

१६ मार्च
सुचलं नाही. आठवलं. फोनवर म्हणाली होती, ‘आई सारखी तुझी वाट बघतेय रे. कामं काय मेली पळून जातात?’ मी म्हणालो, रविवारी बघतो. पुढच्या आठवड्यात परत तिचा फोन. परत मी – रविवारी. शनिवारी आई गेली.
कळवलं नाही म्हणे! लोकांचा गाळलेला शब्द कधी सुटला नाही माझ्या नजरेतून, आणि हे दोन फोन गाळून बसलो. फार लाज वाटली. रडलो.

२८ मार्च
सहावा खर्डा झाला. ताई आता पानभर बोलते. भाऊ अगदीच नालायक दिसतो – दिसू दे. शेवटचं वाक्य तेवढं पहिल्यापासून तेच आहे, ‘जाताना आई काहीच बोलली नाही.’ संपादकबाईंना नाही, ताईला पाठवला.

१२ एप्रिल
विजेचं बिल.

२० एप्रिल
पोस्टमन म्हणाला, ‘काका, आलं की हाक मारीन. सारखे जिने नका उतरू.’ नाही उतरत. दोनदाच गेलो.

२ मे
आलं! पत्र नाही, माझीच कथा. अकरा पानांवर साधी रेघही नाही. बाराव्यावर शेवटचं वाक्य लाल पेन्सिलीनं खोडलंय. समासात ताईचं अक्षर –
‘बोलली. मलाच तू समजून बोलत होती. सारखी विचारायची, आलास का? शेवटी मी म्हटलं, हो आई, आलोय. आता तरी ये, शहाण्या.’