बोटावरचा घट्टा

बुधवार, संध्याकाळ

आजही रायफलच्या ट्रिगरचा दाब शंभर ग्रॅमवर ठेवला, आणि नेम स्थिर व्हायच्या आधीच छर्रा सुटला. दोनशेवर नेला तर दाबताना नळीच हलते. मग ठेवायचा तरी किती? महाडचे नेमबाजीचे सर म्हणतात, "वजन कितीही ठेव, बोटाला कळलं पाहिजे."

कसं कळणार? भातकापणीत विळा धरून त्याच बोटाला घट्टा पडलाय. रविवारी निवड स्पर्धा, आणि वरच्या शेतातलं भात अजून उभंच. आईला एकटीला कापू देऊ?

घरी येऊन पाय घासायच्या वज्रीने घट्टा घासत बसले. आईने हात ओढून घेतला, खोबरेल लावलं. मी म्हटलं, "बघ ना, केवढा जाड झालाय."

ती बराच वेळ बोट चाचपत राहिली. मग म्हणाली, "माझ्या हाताला कळत नाय गो."