सहाव्या खुर्चीतले गृहस्थ

ती. मोठ्या आत्यांना,

वाकून नमस्कार. डोळ्यांत थेंब घालता की बाटली नुसतीच उशाशी ठेवता, ते खरं कळवा. (आईने विचारलंय असं लिहू नकोस, असं आईने सांगितलं आहे.)

तुमचा नि आईचा अकरा महिने अबोला होता, तेव्हा एकीचा निरोप दुसरीला देताना पदरचा शब्द घालायचा नाही, हे मी शिकले. आज त्याच विद्येवर पोट भरते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीला तक्रारी नोंदवायला नवं सॉफ्टवेअर हवं आहे. कोणाला काय हवं ते विचारायचं, लिहायचं, त्यांनाच वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या, हे माझं काम. (विश्वास नसला की माणसं "बघू" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात.)

बैठकीला सहाजण असत. पाचजणांची खाती मला ठाऊक. सहावे राखाडी सदऱ्यातले, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, काढून टाकलेल्या लिफ्टमधून फोन येतात, त्यांनाही तक्रार क्रमांक द्या. मी हसणार, तोच फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, कोणीतरी बोललं! मी आपली 'थांबा, माणूस पाठवते' म्हणत बसते." मेकॅनिकमामांनी खाली बघत मान हलवली. मी लिहून घेतलं. हजेरीत नाव घालायला गेले, तर कंपनीच्या साहेबांच्या मते गृहस्थ गोदामाचे, गोदामवाल्यांच्या मते माझ्याबरोबरचे, आणि बाईंच्या मते साहेबांचे सासरे.

तीन दिवस हजेरीतली सहावी ओळ कोरीच ठेवली. सांगितलं, तर हिला माणसंही मोजता येत नाहीत म्हणणार. लपवलं, तर सह्या फसवून घेतल्यासारख्या. शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, ही मागणी कोणाची ते मला माहीत नाही, हवी तर खोडते. साहेबांनी शांतपणे सह्यांचा कागद पुढे सरकवला. "कालच केल्या. ते सहावे गृहस्थ म्हणालेच होते, पोरगी सांगून टाकेल, बिनधास्त विश्वास ठेवा."

आता हा विश्वास माझ्यावर आहे की त्यांच्यावर, हेच मला कळत नाही. त्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. (पण ऊबदार होती. हात लावून पाहिल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे.)

तुमची भाची

ता. क. पुढच्या कामासाठी माझी हमी देणारी दोन माणसं लागतात. एक ते गृहस्थ आहेत. दुसरं ओळखीचं असावं, असं फार वाटतं. सही करायला याल?

ता. क. २. तुम्ही त्यांना कालच होकार दिलात, असं ते सांगतात: "येईन, पण जिन्याने येईन." मी शब्द न् शब्द उतरवून घेतला आहे. बरोबर आहे ना, तेवढं कळवा.