उजवा हात दिवसातून तीसच वेळा वर होत असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
मध्यवर्ती भांडार कार्यालय.
(आवक खिडकी उंच असल्याने अर्ज डाव्या हाताने सादर.)

विषय : माझा उजवा हात खांद्याच्या वर दिवसातून तीसच वेळा नेता येत असल्याने, तो कोणासाठी वर करावा याचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले ज्ञापन, ‘पहारेकऱ्याचा अर्धवट सलाम’, दि. ३.
२) फाटकाच्या दांड्याला वजन बसवण्याबाबत माझे तीन अर्ज (उत्तर नाही).
३) फिजिओथेरपीच्या बाईंची चिठ्ठी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, मुख्य फाटकावर एकोणीस वर्षे उभा असलेला मी पहारेकरी आपणांस आदरपूर्वक कळवतो की,

१. आपल्या ज्ञापनात म्हटले आहे की माझा सलाम हनुवटीपाशीच थांबतो, तो माशी हाकलल्यासारखा दिसतो, आणि त्यातून वरिष्ठांविषयी अनादर प्रकट होतो. पंधरा दिवसांत सलाम कपाळाला न लागल्यास मला सेवेस अयोग्य ठरवून घरी पाठवण्यात येईल. ती मुदत उद्या संपते. साहेब, अनादरच करायचा असता तर मी तो तोंडाने केला असता. त्याला खांदा लागत नाही.

२. खांदा कसा गेला ते ज्ञापनात नाही, म्हणून लिहितो. फाटकाच्या आडव्या दांड्याच्या मागच्या टोकाला एक लोखंडी वजन असते. त्यामुळे दांडा एका बोटाने वर जातो. ते वजन गेल्या वर्षी निखळून पडले. तेव्हापासून सबंध दांडा मी हाताने उचलतो, दिवसातून ऐंशी वेळा तरी. तीन अर्ज केले. वजन हरवले असल्याचे तोंडी सांगण्यात आले. ते हरवलेले नाही. नोंदणी शाखेचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते दाराला लावून ठेवले आहे. मी स्वतः दोनदा त्याला ठेचकाळलो आहे.

३. दांडा उचलता उचलता एके दिवशी खांद्यात कट्‌कन आवाज झाला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले की खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे जे दोर असतात, ज्याला ते रोटेटर कफ म्हणतात, त्यातला एक अर्धा फाटला आहे. बारा आठवडे नीट व्यायाम केला तर ऑपरेशन टळेल. हयगय केली तर उरलेलाही फाटेल. हे मी मोठ्या बाबूंना सांगितले. ते म्हणाले, “अर्धाच फाटलाय ना? मग उरलेल्या अर्ध्याने कर की सलाम!” हे त्यांचे मत की कार्यालयाचे, हे कळावे.

४. बाईंनी दिलेले व्यायाम मी फाटक सोडून जाता येत नसल्याने फाटकावरच केले. त्याबाबतच्या तीन तक्रारींचा खुलासा असा :

पहिला व्यायाम. डावा हात टेबलावर टेकून वाकायचे आणि उजवा हात लोंबता सोडून हलवायचा. यावरून ‘पहारेकरी पिऊन आला आहे’ अशी निनावी तक्रार झाली. मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो.

दुसरा व्यायाम. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधायचा, कोपर कमरेला चिकटवायचे आणि मूठ बाहेरच्या बाजूला ओढायची. सोमवारी मी हा व्यायाम करत असताना तपासणी पथकाची गाडी आली. माझ्या मुठीवरून त्यांना वाटले की ‘इथे नाही, पुढे जा’, आणि ते पुढे गेले ते थेट गुरुवारी परत आले. मधल्या दिवसांत वरच्या दोन्ही मजल्यांवर नोंदवह्या भरण्याची जी धांदल उडाली ती मी खालून ऐकत होतो. सोमवारी आपण शिपायाकरवी मला ‘शाब्बास’ कळवले होते. गुरुवारी पथकाने कुरकुर केल्यावर त्याच मुठीबद्दल माझ्याकडून खुलासा मागितला. पट्टा तोच होता, मूठ तीच होती. तरी शाब्बासकी परत घेतली आहे काय, हे कळावे.

तिसरा व्यायाम. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायचा आणि जिथे पोचेल तिथे पेन्सिलने रेघ मारायची. ‘शासकीय भिंत विद्रूप केली’ असा माझ्यावर ठपका आहे. त्या पस्तीस रेघा आहेत. पहिली माझ्या छातीशी आहे, कालची माझ्या डोक्याच्या वर चार बोटे. पहिल्या आठवड्यात मला सदऱ्याची बाही घालता येत नव्हती, बायको घालून द्यायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. त्या रेघा पाहून मला जितका आनंद झाला तितका एकोणीस वर्षांत या कार्यालयातल्या कुठल्याही कागदाने झालेला नाही. रंग देणारा आला आहे. कृपया त्याला थांबवावे.

५. आता मूळ मुद्दा. हात कपाळापर्यंत जाऊ लागला आहे. पण बाईंनी बजावले आहे की व्यायाम सोडून तो दिवसातून तीसच वेळा वर न्यायचा, एकतिसाव्या वेळी नेला तर सगळा उपचार पुन्हा पहिल्यापासून. मी हिशेब मांडला. साहेब लोक अकरा. येताना एक, जाताना एक, असे बावीस सलाम. चार साहेब दुपारी जेवायला घरी जाऊन येतात, त्यांचे आठ. झाले तीस. म्हणजे सलाम सगळ्यांना मिळेल, पण दांडा उचलायला हात उरणार नाही. (वजनाविना दांडा एकट्या डाव्या हाताने उचलत नाही; आजवर ड्रायव्हर उतरून हात लावत होते, आता नाही म्हणतात.) सगळ्यांना सलाम घेऊन बाहेरच उभे राहावे लागेल. उलट दांडा उचलला तर तीस गाड्या सुटतील, पन्नास अडकतील, आणि सलाम कोणालाच मिळणार नाही.

डाव्या हाताने सलाम करू का, असे विचारले. नियमात बसत नाही असे उत्तर मिळाले. मग कोणाचा सलाम कमी करू, असे मी प्रत्येक शाखेत जाऊन विचारले. सर्वांनी कानांवर हात ठेवले. त्यांचे हात तिथवर पोचतात, याचा मला हेवा वाटला.

६. तरी विनंती की नोंदणी शाखेच्या दाराला दुसरे काहीही लावावे, एखादी जुनी फाईल चालेल, आणि ते वजन दांड्याला परत बसवावे. म्हणजे दांडा डाव्या हाताच्या बोटाने उघडेल. ज्ञापन मागे घेऊन उरलेले सात आठवडे मला द्यावेत. तेवढे मिळाले तर माझी नोकरी राहील आणि हातही राहील. यापुढे सलाम कोणाला करायचे, त्या नावांपुढे आपण स्वतः सही करावी. सोबत तीस घरांचा तक्ता जोडला आहे.

७. तक्त्यातले तिसावे घर मी भरले आहे, त्याचे कारण नम्रपणे नमूद करतो. माझी नात अडीच वर्षांची आहे. मी कामावर निघालो की ती वरच्या खिडकीत उभी राहते आणि मी कोपऱ्यावरून वळून हात वर करेपर्यंत हलत नाही. व्यायामाआधीचे दोन धरून सात आठवडे माझा हात कुंपणाच्या वर आला नाही. आजोबा दिसलेच नाहीत म्हणून ती रोज रडली. डावा हात करून पाहिला. तो चालत नाही, असे तिचेही म्हणणे पडले. पण तिने ज्ञापन काढले नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत उभी राहिली. काल सकाळी उजवा हात कुंपणाच्या वर गेला आणि ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खिडक्या उघडल्या. तो एक हात रोज तिच्यासाठी राखून ठेवला आहे. कार्यालयीन कामासाठी तो मिळणार नाही. त्यासाठी मला अयोग्य ठरवायचे असेल तर उद्या खुशाल ठरवावे.

आपला, कमरेतून पूर्ण व खांद्यातून तूर्त अर्धवट नम्र,

(सही डाव्या हाताची, जुळत नसल्यास क्षमस्व)
पहारेकरी, मुख्य फाटक
बिल्ला क्रमांक १७
दिनांक : १७

सोबत :
१) फिजिओथेरपीच्या बाईंची चिठ्ठी.
२) खांद्याचा फोटो (उजेडाकडे धरून पाहावा).
३) तीस घरांचा तक्ता. एकोणतीस घरे आपल्या सहीसाठी कोरी.