मागच्याले साइड

कोइम्बतूर, सोमवार

आदरणीय बाबा,

तुम्हाले आन् आईले जयभीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होते. मनगट जराकसं सुजलं, म्हणून अक्षर वाकडं आलं. एवढं आईले वाचून दाखवू नका. फोनच करणार होती, पण आवाजावरून तुम्ही ओळखलं असतं.

काल रेसमधी मी तिसरी होती. शेवटच्या चकरेत मागून एक गाडी चिकटली, आन् माझ्या हातानं आपोआप स्टेअरिंग डावीकडे घेतलं. आपल्या धाड गावच्या रस्त्यावर जीप चालवताना तुम्ही म्हणता ना, "घाई असंल त्याले, जाऊ दे," तशी मी साइड देऊन बसली! चौथी आली. टीमचे साहेब म्हणे, साइड काऊन दिली? काय सांगू त्याईले? पुढच्या वर्षी गाडी देतील का नाही, तेही बोलले नाहीत.

आईचा गुडघा कसा आहे? जीपचा क्लच बदलला का?

लई थकली मी, बाबा. शनिवारी येऊन राह्यली. बुलढाण्याच्या स्टँडवर घ्यायले या, पण चावी माझ्या हाती देऊ नका. मी बाजूले बसीन. तुम्हीच चालवा, आन् मागून कोणी आलं तर जाऊ द्या त्याले.

तुमची,
धम्मशीला