मॉयटुराची दोन मैदाने

स्टेट कॉलेज, नोव्हेंबर २००४

प्रिय यशोधन,

कंपनीच्या कामासाठी आयर्लंडला गेलास आणि हातची सुटी माझ्या प्रबंधासाठी रणभूमीचे फोटो काढण्यात घालवलीस, याबद्दल मनापासून आभार. व्हिसाच्या भानगडीमुळे मला अमेरिकेबाहेर पाऊल टाकता येत नाही. पण तू चुकीच्या मैदानावर गेलास.

पुन्हा सांगते. आयरिश पुराणकथांत मॉयटुरा नावाची मैदाने दोन आहेत. मेयो परगण्यातल्या मैदानावर पहिले युद्ध झाले आणि त्यात राजा नुआदाने हात गमावला. तू तिथे होतास. दुसरे युद्ध स्लायगो परगण्यातल्या तळ्याकाठच्या टेकाडांवर झाले. तिथे लू नावाच्या वीराने गोफणीने बॅलर राक्षसाचा संहारक डोळा फोडला. बॅलर त्याचा सख्खा आजोबा! आपल्या कंसाला भाच्याची भीती, याला नातवाची. किती विलक्षण आहे हे! माझा प्रबंध या दुसऱ्या मैदानावर आहे, हे तुला लग्नाआधीपासून सांगते आहे.

आणि तू फोनवर म्हणतोस, "अगं, दगड ते दगड! कोणाला कळणार आहे यार? नोव्हायला माझ्याकडे राहायला ये, इथूनच लिही. तुझा राक्षस काय, कुठूनही मरतो."

नाही मरत. फोटो "छान" आहेत, एवढेच मी म्हणाले, तर माझे इथले काम संपले असे धरून तू माझे सामान नोव्हायला हलवायला जानेवारीचा ट्रक बुक करून मोकळा झालास.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या फोनवरच सांगते, ट्रक कॅन्सल कर. प्रबंध पुरा होईपर्यंत मी इथून हलणार नाही. कारण विचारलेस, तर दोन्ही मैदाने पहिल्यापासून समजावून सांगेन.

तुझीच, पण तूर्तास इथलीच,
अबोली