उलटनगरच्या कोतवालाची डरकाळी

सोमवार, जत्रेचा आदला दिवस

आज वगाची तालीम झाली. वगातल्या उलटनगरचा तिरसट कोतवाल यंदा मी करतोय. इतकी वर्षं माझे वडील, आप्पा करायचे. लकव्यानं त्यांची वाचा गेली, म्हणून त्यांचा पट्टा अन् ती डरकाळी माझ्याकडं आली. डरकाळी हुबेहूब जमली, गडी लय खूश.

आप्पांना हसवावं म्हणून घरी येताच दारातूनच ओरडलो, "कोन हाय रं तिकडं? चोराला सोडा, फिर्यादीला आत टाका!"

आई भाकरी टाकून धावली, ती थेट आप्पांच्या खाटेकडं. पिठाच्या हातांनी त्यांचा चेहरा धरला. "आवं, बोललासा व्हय?"

मग तिला दारात मी दिसलो.

कशाला ओरडलो मी? उद्या त्याच डरकाळीला अख्खं गाव हसेल.

आप्पांच्या गालावरचं पीठ अजून कुणी पुसलेलं नाही.